एक जिना, दहा दारं: शेजाऱ्यांच्या जोडलेल्या मांगा गोष्टी कशा रचायच्या आणि कशा काढायच्या

एका इमारतीतल्या शेजाऱ्यांच्या छोट्या छोट्या गोष्टी, प्रत्येक गोष्ट आपापली पूर्ण पण सगळ्या आतून एकमेकींत गुंतलेल्या, हा प्रकार मांगामधे, म्हणजे जपानी चित्रकथांमधे, फार लाडका आहे. एका बैठकीत संपणाऱ्या गोष्टीला तिकडे योमिकिरी म्हणतात, आणि अशा गोष्टींची एकमेकींना धरून चालणारी माळ केली की ती रेन्साकु तांपेन. मारामारी नाही, जग वाचवणं नाही, कुणीतरी कचरा टाकायला खाली उतरतं आणि कुणीतरी वरच्या बाल्कनीतून ते बघतं, बास. तेवढ्यावर वाचकाचे डोळे भरून येतात.

मराठी मुलंमुली आता मांगा काढतात, काही जण मला पानं पाठवतात, आणि बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. गोष्टी सुट्या वाचल्या तर छान असतात पण जोडल्यासारख्या वाटत नाहीत, फक्त सगळ्यांचा पत्ता एक असतो. मी तोक्योत निशिकसाईला यूआरच्या, म्हणजे निमसरकारी वसाहतीतल्या, फ्लॅटमधे चार वर्षं राहिलो, ऑफिसातून येऊन रात्री काढायचो, आणि माझंही पहिलं वर्षभर हेच होत होतं. मग हळूहळू कळत गेलं की जोड गोष्टीच्या शेवटी लावायची नसते, ती इमारतीत आधीपासून असावी लागते. म्हणून या लेखात गोष्टीकडे आपण जरा उशिरा येणार आहोत, आधी भिंती उभ्या करू.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. शेजाऱ्याला शेजारी अर्धाच माहीत असतो. भिंतीपलीकडून खोकला ऐकू येतो, खोकणाऱ्याचं नाव माहीत नसतं. तुमच्या वाचकाला मात्र दोन्ही बाजू दिसतात, आधी एक आणि मग चार गोष्टींनंतर दुसरी. ही जी तफावत आहे ना वाचकाला माहीत असण्याची आणि शेजाऱ्याला माहीत नसण्याची, तीच तुमची मालमसाला. तेव्हा पात्रांना एकमेकांचं सगळं कळू द्यायची घाई करू नका.

आधी इमारत ठरवा

जपानात भाड्याची घरं ढोबळमानाने तीन प्रकारची. अपाटो म्हणजे बहुतेक वेळा लाकडी किंवा हलक्या स्टीलची दोन मजली इमारत, बाहेरून लोखंडी जिना, भिंती पातळ, आत विद्यार्थी आणि एकटे राहणारे लोक. मान्शोन म्हणजे काँक्रीटची, तीन मजल्यांपासून पुढे, लिफ्ट, खाली ऑटोलॉकचं दार, पार्सलचे लॉकर, म्हणजे माणसं एकमेकांना दिसतच नाहीत अशी सोय. आणि तिसरी दांची, सरकारी किंवा निमसरकारी वसाहत, एकाला एक समांतर उभ्या पाच मजली इमारती. १९५५ साली जपान हाउसिंग कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि मोठ्या शहरांच्या कडेला अशा वसाहती भराभर उठल्या, त्याच संस्थेचा आजचा अवतार म्हणजे यूआर.

नवीन माणसाने दांचीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे आणि त्याचं कारण जिना. जुन्या दांचीत लांब कॉमन गॅलरी नसते, इमारतीला थोड्या थोड्या अंतरावर जिने असतात आणि प्रत्येक जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन दारं. पाच मजले गुणिले दोन, दहा घरं, लिफ्ट नाही. म्हणजे ५०१ मधल्या माणसाला रोज आठ दारांसमोरून जावंच लागतं, चुकवायचं म्हटलं तरी चुकवता येत नाही. गोष्टकाराला याहून काय पाहिजे.

अजून एक, या इमारती साधारणपणे दक्षिणेला तोंड करून असतात, बाल्कनी दक्षिणेला आणि जिना उत्तरेला. म्हणजे बाल्कनीच्या बाजूला ऊन, वाळत घातलेले फुतोन म्हणजे जमिनीवर अंथरायच्या गाद्या, कुंड्या, आणि जिन्याच्या बाजूला गारवा, सावली, सायकली. बाल्कनीत माणसं मोकळी असतात पण एकटी, जिन्यात भेटतात पण अवघडलेली. हे एकदा डोक्यात बसलं की कुठला प्रसंग कुठल्या बाजूला काढायचा हे आपोआप सुचतं, टोन कुठे गडद घालायचा तेही.

आपल्याकडच्या वाचकाचा या जगाशी खराखुरा धागा पण आहे. वायटूकेच्या, म्हणजे २००० सालच्या कॉम्प्युटर-तारखांच्या घोळाच्या, वेळेपासून भारतीय इंजिनियर तोक्योच्या एदोगावा वॉर्डात निशिकसाईला राहायला लागले, तोझाई लाईनच्या मेट्रोने सरळ ओतेमाचीला ऑफिसात जाता येतं, आणि यूआरच्या घरांना जामीनदार लागत नाही, 'की-मनी' म्हणजे घरमालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कमही लागत नाही, त्यामुळे परदेशी माणसाला ती घरं सोपी पडतात. २०१९ मधे योगेंद्र पुराणिक तिथल्या वॉर्डाच्या असेंब्लीवर निवडून आले. तेव्हा तुमच्या दांचीत एखादं मराठी घर असलं तर ते ओढूनताणून आणलेलं वाटणार नाही, फक्त सगळी इमारत त्यांच्याभोवती फिरवू नका, दहातलं एक दार एवढंच.

प्लॅन काढा, खरोखरचा

एक मोठा कागद घ्या आणि इमारतीचा उभा छेद काढा, बाहुलीघर मधोमध कापल्यासारखा. पाच मजले, मधे जिना, दोन्ही बाजूंना घरं. मग एका घराचा आडवा प्लॅन. दांचीतलं नेहमीचं घर २डीके, म्हणजे दोन खोल्या आणि जेवायच्या टेबलापुरती जागा असलेलं स्वयंपाकघर, साधारण ४० चौरस मीटरच्या आसपास. दारातून आत आलं की गेंकान, तिथे चपला, मग एक पायरी वर. खोल्यांमधे सरकती फुसुमा दारं, भिंतीत ओशिइरे म्हणजे अंथरुणं ठेवायचं खोल कपाट. खोली मोजायची ती तातामीच्या, म्हणजे जमिनीवर बसवलेल्या जाड गवती चटयांच्या, संख्येवर, सहा तातामीची, साडेचार तातामीची, आणि दांचीतल्या तातामी नेहमीपेक्षा आखूड असतात, साधारण १७० सेंटीमीटर बाय ८५, म्हणून सहाची खोलीही बघायला लहान दिसते. उंच माणूस झोपलेला दाखवलात तर पाय पुढच्या तातामीवर जाऊ द्या.

दाराबद्दल जरा थांबून सांगतो कारण इथे आपली मुलं हमखास चुकतात. आपल्याकडे घराचं दार आत उघडतं, जपानी फ्लॅटचं दार बाहेर उघडतं. जड लोखंडी पत्र्याचं दार, त्याला टपालाची फट, वर पीपहोल, आणि ते बाहेर जिन्याच्या अरुंद जागेत उघडतं. म्हणजे ३०१ ने दार उघडलं की ३०२ समोर उभा असलेला माणूस त्या दाराआड झाकला जातो. मी हे बरेच दिवस चुकीचं काढत होतो, आणि ज्या दिवशी बरोबर काढलं त्या दिवशी एक अख्खी गोष्ट हातात आली, कारण दोन माणसं एकमेकांपासून एका दाराच्या अंतरावर उभी राहून एकमेकांना न दिसणं हे आता कुठल्याही योगायोगाशिवाय दाखवता येत होतं.

बाल्कनीत दोन घरांच्या मधे एक पातळ फळी असते. तिच्यावर लिहिलेलं असतं की आणीबाणीत ही फोडून शेजारच्या घरात जावे. रोज कपडे वाळत घालताना समोर ते वाक्य. वाचून सोडून द्यायचं एवढंच सगळे करतात. ती फळी एका तरी गोष्टीत यायलाच हवी, पण फोडू नका लगेच, नुसती दाखवा, खालच्या फटीतून पलीकडचे पाय दिसतात तेवढे.

दहा घरांचा तक्ता

आता माणसं. चेहरे काढायच्या आधी वहीत तक्ता करा, प्रत्येक घराला एक ओळ. रकाने कुठले तर: कोण राहतं, घराबाहेर कधी पडतं आणि परत कधी येतं, काय आवाज करतं, दारासमोर काय ठेवलेलं असतं, आणि शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, बाकीच्यांचा त्यांच्याबद्दल काय गैरसमज आहे. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ते घर अजून तयार नाही असं समजा.

वेळेचा रकाना नीट भरला की भेटी आपोआप ठरतात. रात्रपाळीची नर्स सकाळी नऊला येते, शाळेतला मुलगा आठच्या आत जातो, म्हणजे ते दोघं कधीच भेटणार नाहीत, पण तिच्या ओल्या छत्रीचं पाणी त्याला संध्याकाळी दिसेल. म्हणजे आधी वेळापत्रक, मग योगायोग. उलटं केलं की वाचकाला खटकतं, अरे हे दोघं इथे कसे काय एकदम भेटले.

आवाजाचा रकाना पण मनापासून भरा. काँक्रीटच्या घरात बाजूच्या भिंतीतून बोलणं फारसं येत नाही, पण वरच्या मजल्यावरच्या पावलांचे आवाज खाली पोचतात, खुर्ची सरकवल्याचा, मूल धावल्याचा. लाकडी अपाटोत मात्र बोलणंसुद्धा येतं. तुमची इमारत कुठली त्यावर कुणाला काय ऐकू येईल हे ठरतं, आणि त्यावरूनच गैरसमज.

नावांचं काय करायचं? रुमिको ताकाहाशींच्या 'मेझोन इक्कोकु' मधे, जी १९८० ते १९८७ चालली, भाडेकरूंच्या आडनावातच खोलीचा आकडा लपवलेला आहे, पाच नंबरच्या खोलीतल्या गोदाईच्या नावात पाच, चार नंबरच्या योत्सुयाच्या नावात चार. वाचकाला दहा जपानी नावं लक्षात ठेवायला लावण्यापेक्षा असा काहीतरी खुंटा द्या. मराठी वाचकासाठी मी सरळ घरनंबरच वापरतो, ४०२ ची बाई, ५०१ चे आजोबा, आणि खरं तर शेजारीही मनात एकमेकांना असंच ओळखतात.

दहाच्या दहा घरांची गोष्ट सांगू नका. सहा-सात पुरेत. आणि एक दार शेवटपर्यंत बंदच ठेवा, आतून फक्त दिवा लागलेला दिसतो एवढंच, वाचक त्या दाराचा विचार करत राहतो.

जोडणाऱ्या वस्तू

गोष्टी माणसांनी जोडायला गेलं की गप्पाच फार होतात, वस्तूंनी जोडल्या की शांतपणे जोडल्या जातात. जपानी वसाहतीत यासाठी देवाने दिल्यासारखी एक वस्तू आहे, काइरानबान. रहिवासी संघटनेची नोटीस लावलेली पॅड किंवा फाईल, ती एका घरातून दुसऱ्या घरात फिरते, वाचली की आपल्या नावासमोरच्या चौकटीत शिक्का मारायचा आणि पुढच्या दारी नेऊन द्यायची, कुणी घरात नसेल तर दाराच्या मुठीला पिशवीत लटकवायची. म्हणजे कुणाच्याही दारी जायला, बेल वाजवायला, दोन शब्द बोलायला एकदम रास्त कारण. कुणाकडे ती चार दिवस अडकून पडली, कुणाचा शिक्का वाकडा, सगळं त्या एका कागदावर दिसतं.

बाकीच्याही आहेत. कचऱ्याच्या पिशव्यांवर टाकायची कावळ्यांपासूनची जाळी, आणि ती आवरायची पाळी कुणाची हा प्रश्न. खालच्या टपालपेट्यांची रांग. पार्सलवाल्याची, तुम्ही घरी नव्हता अशी चिठ्ठी. संध्याकाळी पालिकेच्या भोंग्यावर वाजणारी मुलांच्या गाण्याची धून, पुष्कळ ठिकाणी पाचला. ही धून फार कामाची, कारण ती एकाच क्षणी दहाही घरांत ऐकू येते, वेगवेगळ्या गोष्टींत तीच धून दाखवली की वाचकाला लगेच समजतं, अरेच्चा, हा तर मघाचाच क्षण, दुसऱ्या खोलीतून.

एका संग्रहात दोन, फार तर तीन वस्तू घ्या. मी एकदा सात घेतल्या होत्या आणि वाचणारे गोष्ट सोडून वस्तू शोधत बसले.

एक माळ प्रत्यक्ष रचून बघू

आता नुसतं सांगण्यापेक्षा करून दाखवतो. वस्तू दोन: एक साधी घडीची खुर्ची आणि काइरानबान. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधल्या वळणाच्या जागेवर एक दिवस खुर्ची येते.

पहिली गोष्ट ५०१ च्या आजोबांची. रोज सकाळी साडेसहाला मैदानात रेडिओ व्यायामाला जातात, परत येताना पाच मजले चढायचे. खुर्ची दिसते, बसतात, दम घेतात. त्यांना वाटतं संघटनेने ठेवली, किती विचार करतात लोक. एका पॅनलमधे, म्हणजे चित्राच्या एका चौकटीत, खुर्चीच्या पाठीवर फाटलेल्या कागदाचा चिकट कोपरा दिसतो, त्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

दुसरी १०२ मधल्या संघटनेच्या अध्यक्षांची. जिन्यात सामान ठेवलं तर आग लागल्यावर वाट अडते, नियम आहे, ते नोटीस लिहितात की जिन्यात कुणीही वस्तू ठेवू नये. नेमके त्याच दिवशी ५०१ चे आजोबा खाली येऊन वाकून आभार मानतात. अध्यक्ष गोंधळतात पण नोटीस तर निघालेली आहे.

तिसरी २०२ च्या मराठी घराची. नवरा ऑफिसात, बाईला जपानी जेमतेम वाचता येतं, काइरानबान हातात, शिक्का नाही. ती चौकटीत देवनागरीत सही करते आणि पुढच्या दारी न्यायला निघते, दारात काय बोलायचं याची जिन्यातच प्रॅक्टिस करते. या गोष्टीत खुर्ची फक्त मागे, बॅकग्राउंडला.

चौथी ३०१ च्या मुलाची, त्याच्यासाठी ती खुर्ची म्हणजे मेट्रोचं स्टेशन. ही छोटी ठेवा, चार पानांची.

पाचवी ४०२ ची, आणि इथे वाचकाला दुसरी बाजू कळते. तिच्या घरात दोन खुर्च्या होत्या आणि आता माणूस एकच. तिकडे मोठा कचरा असा टाकता येत नाही, त्याला सोदाई गोमी म्हणतात, आधी फोन करून नाहीतर नेटवर दिवस बुक करायचा, दुकानातून पैसे भरून स्टिकर आणायचा, त्यावर तारीख लिहून वस्तूला चिकटवायचा आणि त्या दिवशी सकाळी खाली नेऊन ठेवायचं. हे सगळं तिने केलं. पण आदल्या रात्री खाली नेताना वळणावर तिचा हात भरून आला, आणि हात भरून येणं हे निमित्त होतं.

सहावी परत काइरानबानची, पण आता माणूस कुणीच नाही, फक्त ती फाईल दारोदार फिरते. दहा चौकटी, शिक्के, एक देवनागरी सही. सगळ्यांनी वाचलंय की जिन्यात वस्तू ठेवू नये. आणि खुर्ची तिथेच आहे.

बघा, यात कुणालाही पूर्ण गोष्ट माहीत नाही. आजोबांना खुर्ची कुणाची ते कळत नाही, ४०२ ला कळत नाही की अध्यक्षांनी नोटीस का रेटली नाही. फक्त वाचकाला सगळं माहीत आहे.

एक गोष्ट पानांवर कशी बसवायची

जपानी गोष्टीची नेहमीची चौकट म्हणजे कि-श्यो-तेन-केत्सु: मांडणी, वाढ, वळण, मिटणं. वळण म्हणजे भांडणच हवं असं नाही, नवीन काहीतरी दिसणं एवढंच पुरतं, म्हणून दैनंदिन गोष्टींना ही चौकट फार छान बसते.

४०२ ची गोष्ट आपण आठ पानांत बसवू. मराठीत डावीकडून उजवीकडे वाचतो म्हणून पान १ उजव्या हाताला, मग २-३ समोरासमोर, ४-५, ६-७, आणि ८. पान उलटायची जागा म्हणजे १, ३, ५ आणि ७ च्या खालचा शेवटचा पॅनल. मांगात याला मेकुरी म्हणतात आणि वळण नेहमी पान उलटल्यावर येऊ द्यायचं, आधी दिसलं की मजा गेली.

पान १: स्वयंपाकघर, टेबल, दोन खुर्च्या, एकीवर कपड्यांचा ढीग. चेहरा नाही. पान २-३: दुकानात स्टिकर, घरी येऊन पेनाने तारीख लिहिणारा हात, स्टिकर दोनदा दाबून चिकटवणं. पान ४: रात्र, जिना, खुर्ची काखेत. पान ५: जिन्याचं वळण, ती थांबते, खुर्ची उघडते आणि स्वतः तिच्यावर बसते, तीन पॅनल नुसतं बसणं, उठून खुर्ची तशीच ठेवून वर जाते, शेवटच्या छोट्या पॅनलमधे सकाळ आणि आवाज: टक... टक... टक...

पान उलटलं. पान ६ जवळजवळ सगळं एकच चित्र: ती वरच्या कठड्याजवळून बघतेय, खाली ५०१ चे आजोबा खुर्चीत बसलेत, गळ्यात टॉवेल, काठी गुडघ्याला टेकवलेली, डोळे मिटलेले. पान ७: ती पाऊल मागे घेते, दार आवाज न करता लावते, आतल्या बाजूने दाराला पाठ लावून उभी, बाहेरून पावलं वर जातात. पान ८: ती खाली येते, नखाने स्टिकर काढते, एक कोपरा राहतोच. शेवटचा पॅनल तिचं टेबल आणि एक खुर्ची.

अख्ख्या गोष्टीत एकच वाक्य आहे, दुकानातल्या मुलाचं, "रिसीट देऊ का?" मी आधी ११ संवाद लिहिले होते. एकेक काढत गेलो, आणि दर वेळी गोष्ट सुधारत गेली.

हे सगळं आधी नेमुमधे करायचं, म्हणजे कच्च्या काड्यामाणसांच्या स्टोरीबोर्डमधे. ए४ कागद अर्धा दुमडा, एक कागद म्हणजे समोरासमोरची दोन पानं, चेहऱ्याच्या जागी गोल, फुग्यात संवाद मात्र खरे लिहा. सहाच्या सहा गोष्टींचे नेमु झाल्याशिवाय एकही पान शाई करू नका, कारण पाचवी गोष्ट लिहिताना कळतं की पहिलीत तो चिकट कोपरा दाखवायला हवा होता, आणि पहिली शाई करून झालेली असेल तर जीव जातो.

कागद, पेन, पार्श्वभूमी

हाताने काढत असाल तर छापील मासिकांसाठीचा मांगा कागद बी४ असतो, आतली चौकट १८० बाय २७० मिलिमीटर. स्वतः छापणारे बहुतेक ए४ घेतात, आतली चौकट १५० बाय २२०, छापून पुस्तक बी५ होतं. सुरुवातीला ए४ बरा, आपल्याकडे स्कॅनर पण ए४ चेच मिळतात. काळ्यापांढऱ्या लाइनवर्कला ६०० डीपीआयच्या खाली जाऊ नका. पेनमधे माणसांना जी-पेन, इमारतीला आणि बारीक सामानाला मारु-पेन, पण निब मिळत नसतील तर ०.३ आणि ०.०५ चे साधे टेक्निकल पेन चालतात, या प्रकारच्या गोष्टींना जाड-बारीक रेषेचा फार नखरा लागत नाही.

खरा वेळ खाते ती इमारत. तीच पायरी, तोच कठडा, तेच दार शंभर वेळा. म्हणून एकदाच नीट काढा. मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधे जिन्याचं साधं मॉडेल केलं, नुसते ठोकळे, दोन मजल्यांच्या मधे साधारण सात-सात पायऱ्या आणि मधे वळण, आणि वरून, खालून, दारातून असे बारा-तेरा कोन काढून ठेवले. क्लिप स्टुडिओ हे चित्रांचं सॉफ्टवेअर असेल तर थ्रीडी त्यातच आणता येतं. पण एक सांभाळा, थ्रीडीवरून ट्रेस केलेली रेषा मेलेली दिसते, म्हणून वरून हाताने गिरवा, पट्टी न लावता, आणि प्रत्येक दारासमोरचं सामान हातानेच काढा: कुंडी, छत्री, मुलाची स्कूटर, रिकाम्या दुधाच्या पेटीत ठेवलेले बटाटे. दार सगळ्यांचं सारखं असतं, माणूस कळतो तो या सामानावरून.

मराठी अक्षरं, मराठी आवाज

जपानी फुगे उभे आणि अरुंद असतात कारण तिकडे मजकूर वरून खाली लिहितात. ती सवय बघून बघून आपण पण उभे फुगे काढतो आणि मग त्यात "सांगितल्याप्रमाणे" सारखा शब्द मावत नाही. देवनागरी शब्द मधे तोडला तर शिरोरेषा तुटते आणि वाचायला घाण दिसतं. म्हणून आधी अक्षरं ठेवा, मग त्यांच्याभोवती फुगा काढा, आडवा, आणि पॅनलही त्या हिशोबाने रुंद. दोन ओळींत अंतर जरा जास्त, वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात. 'एक टाइप' (Ek Type) नावाच्या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट फुकट आहेत, साध्या बोलण्याला मुक्ता, ओरडण्याला बलू, माझं तरी यावर भागतं.

आवाजाच्या शब्दांत तर मराठी जपानीच्या तोडीस तोड आहे. किर्र, टपटप, खुट्ट, सळसळ, धाडकन, चर्र, फतक फतक चपला. हे शब्द टाइप न करता चित्राचा भाग म्हणून हाताने काढा. जपानीत शांततेलाही आवाज आहे, शीऽऽन. आपण त्याला काय लिहायचं यावर मी खूप डोकं खाल्लं, शेवटी काहीच लिहीत नाही, त्याऐवजी भिंतीवरचं घड्याळ किंवा नळाचा एक थेंब काढतो.

संबोधनं जपून. जपानी शेजारी एकमेकांना आडनावापुढे आदराचं 'सान' लावून हाक मारतात, मराठीत त्यांचं बोलणं अहोजाहोत ठेवा, लगेच काका-मावशी करू नका, कारण त्या अंतरातच गोष्ट आहे. पण काही ठिकाणी आपली भाषा अशी चपखल बसते की बास. घरातून निघताना जपानी माणूस इत्तेकिमास म्हणतो, म्हणजे शब्दशः जाऊन येतो. आपणही निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो, आणि कुणी जातो म्हटलं तर घरातली मोठी माणसं ओरडतात. एकटं राहणारं पात्र रिकाम्या घराला "येतो हं" म्हणून दार लावतं, हा एक पॅनल मराठीत जसा लागतो तसा दुसऱ्या भाषेत लागेल असं मला वाटत नाही.

जपून हाताळायची गोष्ट

दांचीवर लिहायला घेतलं की एकटेपणात मरण येणं, कोदोकुशी, हा विषय येतोच. चिबातल्या मात्सुदो शहरात तोकिवादाइरा दांची आहे, १९६० साली लोक राहायला आले, तिथे २००१ मधे एका माणसाचा मृत्यू तब्बल तीन वर्षांनी उघडकीला आला, आणि मग रहिवाशांनीच एकटे मृत्यू थांबवण्यासाठी मोहीम उभी केली. तेव्हा कृपा करून याचा धक्का देणारा शेवट म्हणून वापर करू नका, की दार उघडलं आणि पान उलटल्यावर प्रेत. गोष्ट घ्यायचीच असेल तर बाजूच्या घराची घ्या. टपालपेटी भरत चाललीय हे कुणाला दिसलं, आणि बेल वाजवायच्या आधी तो माणूस दारासमोर किती वेळ उभा राहिला. तिथे चार पानं खर्च करा.

क्रम आणि तपासणी

सगळे नेमु झाले की भिंतीवर लावा आणि एका मित्राला, ज्याने यातलं काही ऐकलेलं नाही, वाचायला द्या. त्याला आवडलं का विचारू नका. विचारा की खुर्ची कुणाची होती, आजोबांना काय वाटत होतं, आणि कुठल्या पानावर तू मागे जाऊन परत बघितलंस. मागे जाऊन बघितलं असेल तर जोड जमली. एकदाही गेला नसेल तर पहिल्या गोष्टीतली खूण फार पुसट आहे, आणि पहिल्याच गोष्टीत त्याने सगळं ओळखलं असेल तर फार ठळक. माझ्या चिकट कोपऱ्याचं पॅनल मी चार वेळा बदललं, आधी क्लोजअप होता, मग मधला शॉट, शेवटी आजोबांच्या खांद्यामागे अंगठ्याच्या नखाएवढा ठेवला.

मग क्रम हलवून बघा. वरच्या माळेत ४०२ ची गोष्ट पहिली ठेवली तर आजोबांचा गैरसमज वाचकाला आधीच माहीत होतो आणि त्यांची गोष्ट हळवी होते, पाचवी ठेवली तर खुर्चीचं कोडं राहतं. दोन्ही चालतं, मी पाचवी ठेवली कारण मला वाचकाने आधी आजोबांबरोबर निवांत बसायला हवं होतं. मोबाईलवर टाकणार असाल तर पान उलटणं उरत नाही, खाली सरकवणं असतं, मग पान ५ आणि ६ च्या मधे एक पूर्ण स्क्रीनभर पांढरी जागा सोडा, आवाजाचे तीन टक त्या पांढऱ्यात खाली खाली उतरू द्या, आणि मग आजोबा.

या आठवड्यात एवढंच करा: छेद काढा, दहा दारं काढा, आणि प्रत्येक दारासमोर काय ठेवलंय ते काढा.